व्हॅस्क्युलर डिमेंशियासाठी कुठलं ॲनिमल मॉडेल घ्यावं? रॅटच्या दोन्ही कॅरोटिड बांधायच्या की अजून काही?

निशिगंध_फार्मा

नमस्कार मंडळी. मी एम.फार्म. फार्माकॉलॉजी, दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात थिसिसची सिनॉप्सिस टाकायची आहे आणि अजून मॉडेलवरच गाडी अडकलीये. विषय आहे ब्राह्मीचा अर्क आणि व्हॅस्क्युलर डिमेंशिया, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा. हा विषय मीच हट्टाने घेतलाय, कारण घरी आजी आहे. तीन वर्षांपूर्वी तिला एक बारीकसा झटका आला, तोंड जरा वाकडं झालं, आठ दिवसांत सगळं ठीक, आम्ही म्हटलं सुटलो. मग सहा महिने बरी होती आणि एकदम एक पायरी खाली. मग परत बरेच महिने तशीच आणि परत एक पायरी. गंमत अशी नाही की ती विसरते, माझ्या मावसभावंडांची सगळ्यांची नावं ती आजही धडाधड सांगते. पण चहाचं आधण ठेवते आणि साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहते. पुढे काय करायचं ते सुचत नाही. पाणी आटून जातं. ज्या बाईने चाळीस वर्षं दुधाचा, वाण्याचा हिशोब तोंडी ठेवला तिचं हे बघवत नाही.

असो. गाईड म्हणतात स्विस माईसना स्कोपोलामाइन दे, सोपं आहे, दोन महिन्यांत काम होईल. सीनियर ताई म्हणते विस्टार रॅटच्या मानेतल्या दोन्ही कॉमन कॅरोटिड धमन्या बांध, म्हणजे टूव्हीओ, सगळे तेच करतात. आणि मी वाचलं की जपानमध्ये माईसच्या कॅरोटिडभोवती छोटी स्प्रिंग गुंडाळतात. तिन्हीत फरक काय, आणि आमच्यासारख्या साध्या कॉलेजात काय जमेल? आठवणीसाठी मॉरिसचं वॉटर मेझ आहे आमच्याकडे, म्हणजे पाण्याचा गोल हौद. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

क्योटोचा_पाऊस

निशिगंध, मी जपानमध्ये पोस्टडॉक करताना तीन वर्षं हेच केलंय त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घे.

आधी स्कोपोलामाइन बाजूला ठेव. ते ॲसिटिलकोलीनचे मस्करिनिक रिसेप्टर थोडा वेळ बंद करतं, औषध उतरलं की प्राणी पहिल्यासारखा. मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आजार त्यात कुठेच नाही. त्यात ब्राह्मी चालली तर फार तर कोलिनर्जिक बाजूला काहीतरी होतंय एवढंच म्हणता येईल, शीर्षकात व्हॅस्क्युलर हा शब्द घालता येणार नाही. गाईडना हे शांतपणे दाखव, ऐकतील.

आता टूव्हीओ. मेंदूला चार मोठ्या धमन्या रक्त देतात, पुढून दोन कॅरोटिड आणि मागून दोन व्हर्टिब्रल, आणि मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडून एक कडी होते, विलिसची कडी. रॅटमध्ये ही कडी पूर्ण असते, म्हणून दोन्ही कॅरोटिड कायमच्या बांधल्या तरी मागून रक्त येत राहतं आणि बरेचसे रॅट जगतात. जर्बिलमध्ये मागचा दुवा नसतो, त्यामुळे त्याच्यात पाच मिनिटं कॅरोटिड दाबल्या तरी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाच्या, पेशी दोन-चार दिवसांनी मरतात. सीफिफ्टीसेव्हन ब्लॅक सिक्स जातीच्या माईसमध्ये तो दुवा अगदी बारीक, दोन्ही बाजू पूर्ण बांधल्या तर फार प्राणी दगावतात. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो पण इथे रॅट आणि माऊस हा फरक जिवाचा आहे.

टूव्हीओची अडचण अशी की पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तप्रवाह धाडकन पडतो, मूळच्या तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत, आणि मग काही आठवड्यांत हळूहळू परत चढतो. तुझ्या आजीला असं झालेलं नाही ना, तिचं वर्षानुवर्षं मुरत गेलंय. दुसरी अडचण मोठी आहे आणि तुझ्या हौदाशी तिचा थेट संबंध आहे. डोळ्याला रक्त देणारी धमनी कॅरोटिडमधूनच निघते. टूव्हीओनंतर बऱ्याच रॅटचा डोळ्यातला पडदा आणि ऑप्टिक नर्व्ह खराब होते. वॉटर मेझमध्ये रॅटने भिंतीवरच्या खुणा बघून पाण्याखालचा फलाट शोधायचा असतो. आंधळा रॅट गोल गोल पोहतो, तू वहीत लिहितेस ‘आठवण गेली’. विस्टार तर आधीच अल्बिनो, त्याची नजर मुळातच अधू. मी असे कितीतरी पेपर वाचलेत ज्यात नजर तपासल्याचा एक शब्द नाही आणि निष्कर्ष मात्र स्मृतीवर.

स्प्रिंगचं मॉडेल म्हणजे बीसीएएस, दोन्ही कॅरोटिड अरुंद करायचं. २००४ साली क्योटोच्या गटाने प्रसिद्ध केलं. बारीक तारेची स्प्रिंग, आतला व्यास ०.१८ मिलिमीटर, लांबी जेमतेम अडीच मिलिमीटर. माऊसला उताणं ठेवायचं, मानेवर मधोमध छेद, लाळेच्या ग्रंथी बाजूला सारायच्या, आणि मायक्रोस्कोपखाली कॅरोटिड ठोके देताना दिसते. तिला चिकटून पांढुरका धागा असतो, तो व्हेगस नर्व्ह. तो सोडवताना हात जरा ओढला गेला की श्वास अडखळतो, माझे पहिले चार प्राणी तिथेच गेले. धमनी दोन रेशमी धाग्यांवर हलकी उचलायची, स्प्रिंगचं एक टोक तिच्याखाली सरकवायचं आणि स्क्रू फिरवल्यासारखं हळूहळू फिरवत धमनी आत घ्यायची. मग अर्धा तास थांबून दुसरी बाजू. धमनी बंद होत नाही, अरुंद होते. प्रवाह साधारण दोन-तृतीयांशावर येतो. ०.१६ ची स्प्रिंग घेतली तर जास्त माईस मरतात, ०.२० ला पुरेसं काही घडत नाही. दोन-दोन शतांश मिलिमीटरचा खेळ आहे हा.

महिन्याभराने बघितलं तर हिप्पोकॅम्पस शाबूत आणि व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूचे भाग जोडणारे तंतू, त्यातही दोन्ही अर्ध्यांना जोडणारं कॉर्पस कॅलोसम, झिजलेलं. आठ हातांच्या मेझमध्ये, म्हणजे मधून आठ वाटा फुटणाऱ्या चक्रव्यूहात, हे माईस ज्या हातातलं खाऊन आले तिथेच परत परत जातात, पण कुठल्या हातात खाणं असतंच आणि कुठे कधीच नसतं हे मात्र त्यांना बरोबर माहीत असतं. म्हणजे जुनी आठवण ठीक, आत्ता काय केलं आणि पुढे काय करायचं ते डोक्यात धरून ठेवणं गेलं. तू साखरेच्या डब्याचं लिहिलंस ते वाचून मला माझे तेच माईस आठवले.

पण यातही खोट आहेच. आपण मानेतली मोठी धमनी अरुंद करतो, तर माणसात आजार बहुतेक वेळा मेंदूच्या आतल्या केसाएवढ्या धमन्यांचा असतो, त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. माऊसच्या धमन्या मुळात निरोगी आहेत. शिवाय माणसाच्या मेंदूत निम्माच्या आसपास भाग व्हाइट मॅटर, माऊसमध्ये दहा-बारा टक्के. जिथे आजार घडतो तीच जागा त्याच्याकडे तुटपुंजी.

गावाकडचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी, संशोधन करत नाही पण हे पेशंट रोज बघतो म्हणून दोन गोष्टी.

निशिगंधच्या आजीचं वर्णन इतकं नेमकं आहे की पुस्तकात छापावं. नावं आठवतात, पण कामाच्या पायऱ्या जुळत नाहीत, विचार संथ होतो, चाल बदलते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवरचा ताबा सुटतो. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या बाजूने पांढरे ढग आणि आत तांदळाच्या दाण्याएवढी भोकं, लॅक्युन म्हणतो आम्ही त्यांना. नातेवाईक येतात तेव्हा मेमरीची गोळी द्या म्हणतात. मी त्यांना चालून दाखवायला सांगतो, आणि शंभरातून सात वजा करत यायला सांगतो. तिथे कळतं.

त्यामुळे प्राण्यात फक्त आठवण मोजू नका. चाल मोजा. पायाला शाई लावून कागदावर चालवलं तरी पावलाची लांबी कळते ना, त्याला कुठलं मोठं मशीन लागतं. आणि शिकलेली गोष्ट उलटी करून बघा, म्हणजे आधी डावीकडे खाणं होतं ते आता उजवीकडे, किती लवकर बदलतो. माझ्या पेशंटना नेमकं हेच जमत नाही, घरात गॅसची जागा बदलली की त्यांची चूल थांबते.

दुसरं वय. माझे पेशंट सत्तरीचे, बीपी वीस वर्षांचं, साखर पंधरा वर्षांची, तंबाखू वेगळीच. तुमचा प्राणी तीन महिन्यांचा, ठणठणीत, तरणाबांड. त्याची बरी होण्याची ताकद आणि या लोकांची ताकद यात जमीन-अस्मानाचं अंतर. बीपी आपोआप वाढणारे रॅट असतात ना, ते का घेत नाहीत?

क्योटोचा_पाऊस

डॉक्टर, अगदी बरोबर. ते एसएचआर आणि त्यातूनच निवडत नेलेले एसएचआरएसपी, तेही क्योटोचेच, ओकामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९६० आणि ७० च्या दशकातलं काम. एसएचआरएसपीला मिठाचं पाणी आणि कमी प्रथिनांचं खाणं दिलं की स्ट्रोक लवकर येतात. त्यांच्या बारीक धमन्या खरोखर आजारी असतात, म्हणून लहान धमन्यांच्या आजाराला ते जास्त जवळचे. पण त्यांचं बीपी इतकं चढतं की माणसात तसं क्वचित बघायला मिळतं, आणि कंट्रोल म्हणून जे विस्टार-क्योटो घेतात तेही वागण्यात पूर्ण नॉर्मल नसतात. एका मास्टर्स थिसिसला झेपणारं नाही.

आनुवंशिक बाजूला कॅडासिल नावाचा बारीक धमन्यांचा आजार आहे. त्याचं जीन, नॉच थ्री, १९९६ मध्ये सापडलं आणि तोच बदल घातलेले माईस पुढे तयार झाले. या आजारात बीपी नसलेल्या पन्नाशीच्या माणसालाही हीच अवस्था येते, त्यामुळे धमनीच्या भिंतीत नेमकं काय बिघडतं ते त्या माईसमध्ये स्वच्छ दिसतं. पण तिथे तो बदल दिसायला प्राण्याला वर्ष-दीड वर्ष म्हातारं व्हावं लागतं.

सांगलीची_सून

मला तुमच्यातलं अर्धं कळत नाही पण विचारावंसं वाटलं म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांचं शेवटची पाच वर्षं असंच झालं. एका मोठ्या दवाखान्यात दोनदा सांगितलं गेलं की वयाचं आहे, घेऊन जा. तिसऱ्या ठिकाणी एमआरआय केला तेव्हा कळलं की आत बारीक बारीक चार झटके होऊन गेलेत आणि आम्हाला पत्ताच नाही. बीपीची गोळी ते बरं वाटलं की सोडायचे, सणाला तर नक्कीच सोडायचे, गोळीने तोंडाची चव जाते म्हणायचे. मी रोज डबीत गोळ्या भरून द्यायचे आणि ते कपाटामागे टाकायचे, गेल्यानंतर कपाट सरकवलं तेव्हा सापडल्या, मूठभर होत्या. मी तिथेच खाली बसले. निशिगंध, तू हे करतेयस त्याचं मला खूप बरं वाटलं. पण एक खरं सांगा, उंदरांवर इतकी वर्षं चाललंय तर आमच्यासारख्यांच्या घरी त्यातलं काय पोचलं? आणि माझे मिस्टर आता बावन्नचे आहेत, बीपी आहे, त्यांच्यासाठी आत्ता काय करू?

गावाकडचा_डॉक्टर

ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं. गोळी रोज, सणाला पण, आणि बीपी घरी मोजून वहीत. अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर एक अभ्यास झाला, स्प्रिंट माइंड, निकाल २०१९ मध्ये आले. वरचं बीपी १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा १२० च्या खाली ठेवलेल्या गटात विचारशक्तीची सौम्य घसरण कमी लोकांना झाली. पूर्ण डिमेंशिया कमी झाला असं मात्र ठामपणे दिसलं नाही. आणि त्यात शुगरवाले आणि आधी स्ट्रोक झालेले घेतलेच नव्हते, त्यामुळे आपल्या मनाने डोस वाढवू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा. तंबाखू असेल तर आजच बंद. कपाटामागच्या गोळ्यांचा दोष स्वतःकडे घेऊ नका. असे सासरे माझ्याकडे दर आठवड्याला येतात, आणि प्रत्येकामागे डबी भरणारी एक सून असते.

क्योटोचा_पाऊस

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळणार नाही. एनएक्सवाय-०५९ नावाचं ताज्या स्ट्रोकवरचं औषध होतं. रॅटमध्ये चाललं, मार्मोसेट माकडात चाललं, २००६ मध्ये माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडी आशा दिसली आणि पुढच्याच वर्षी तीन हजारांवर पेशंटच्या दुसऱ्या चाचणीत काहीच फरक नाही. मग मागे जाऊन प्राण्यांवरचे प्रयोग तपासले तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी कुठला प्राणी कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवलंच नव्हतं, मोजणाऱ्याला गट माहीत होता, आणि प्राणी तरुण, बीपी नसलेले. प्राण्याने आपल्याला फसवलं नाही, आपण त्याला घाईत अर्धवट प्रश्न विचारला. दुसऱ्या बाजूला, रक्त कमी पडलं की मेंदूत सगळ्यात आधी व्हाइट मॅटर का जातं, रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा कसा गळायला लागतो, हे टप्प्याटप्प्याने आपल्याला याच प्राण्यांनी दाखवलंय. जिवंत माणसाचा मेंदू दर आठवड्याला कापून बघता येत नाही.

म्हणून निशिगंध, माझी कळकळीची विनंती. कॅरोटिड बांधायच्या आधी सात दिवस ब्राह्मी सुरू करू नकोस, सगळे तेच करतात. आजीला पण आजार होऊन गेल्यावरच डॉक्टरकडे नेलंत ना? मग प्राण्यालाही नंतरच दे. आणि अर्काने बीपी किंवा रक्तप्रवाहच बदलतोय का ते मोज, नाहीतर ब्राह्मीने मेंदू वाचवला की नुसतं रक्त वाढवलं हे कधीच कळणार नाही.

निशिगंध_फार्मा

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं आणि मग आईला पण वाचून दाखवलं. सांगलीच्या ताई, तुमचं वाचून आईच्या डोळ्यात पाणी आलं.

आता खरी अडचण. आमच्याकडे ती स्प्रिंग नाही, सर्जिकल मायक्रोस्कोप नाही, लेझरने रक्तप्रवाह मोजायचं यंत्र नाही. विस्टार रॅट आहेत, केटामाइन-झायलाझिन आहे, हिस्टॉलॉजी बाहेरून करून मिळते. मग टूव्हीओच करावं लागेल ना? आणि ते करायचं तर कमीत कमी चुका कशा होतील? एथिक्स कमिटीत पण विचारतील की इतके प्राणी का.

ॲनिमलहाउस_दादा

मी व्हेट आहे, बारा वर्षं ॲनिमल हाउस सांभाळतो, हे माझं क्षेत्र आहे म्हणून सांगतो.

दोन्ही बाजू एका दिवशी बांधू नकोस. आज एक, आठवड्याने दुसरी. मधल्या दिवसांत मागची कडी जरा सावरते, कमी रॅट मरतात आणि पहिला धक्काही सौम्य बसतो. शॅम गटाला, म्हणजे खोटं ऑपरेशन होणाऱ्या तुलनेच्या गटाला, पण दोन वेळा भूल, दोन वेळा छेद, धमनी सुटी करून नुसती सोडून द्यायची. केटामाइन स्वतःच मेंदूच्या पेशींना थोडं वाचवतं, म्हणून दोन्ही गटांत डोस आणि वेळ तीच हवी, शॅमचं काम दहा मिनिटांत उरकलं आणि दुसऱ्याला पाऊण तास असं चालणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊब. भुलीत रॅट पटकन गार पडतो, आणि गार मेंदूला इजा कमी होते. टेबल गरम ठेव, गुदद्वारात थर्मामीटर, सदतीसच्या आसपास धरून ठेव, आणि शुद्धीवर येईपर्यंत तसंच. मी बघितलंय की मुलं सकाळी पंख्याखाली ऑपरेशन करतात आणि दुपारी एसी बंद पडल्यावर उरलेले करतात आणि मग दोन गटांत फरक आला म्हणून खूश होतात. नंतर तीन दिवस रोज वजन, वेदनाशामक, पिंजऱ्याच्या तळाशीच मऊ भिजवलेलं खाणं, कारण मान दुखत असते तर तो वर जाळीपर्यंत मान उचलत नाही. हे केलंस तर बरेच मृत्यू टळतात. जे गेले ते थिसिसमध्ये लिही, लपवू नकोस. कमिटीसमोर नमुन्याचा आकडा गणित करून ठेव आणि मृत्यू किती धरलेत तेही सांग. सीसीएसईएच्या, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, नियमांत तेच अपेक्षित आहे, आणि कमिटीत बसलेल्या माणसांना प्रामाणिक आकडा लगेच कळतो.

क्योटोचा_पाऊस

दादांनी सगळं सांगितलं. मी फक्त डोळ्यांचं जोडतो. वागणुकीच्या चाचणीआधी प्रत्येक रॅटच्या डोळ्यावर बारीक टॉर्च मार, बाहुली आकसते का बघ. नाही आकसली तर त्या रॅटचा पडदा गेला असं धर आणि नजरेवर चालणाऱ्या चाचणीतून त्याला वगळ, वगळायचा नियम सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेव, नंतर सुचलेला नको. हौद वापरायचाच असेल तर एक दिवस फलाट पाण्याच्या वर झेंडा लावून ठेव, तिथेही पोचत नसेल तर प्रश्न आठवणीचा नाही. पण मी असतो तर आठ हातांचा मेझ सुताराकडून प्लायवूडमध्ये करून घेतला असता आणि मेंदूचे काप ल्युक्सॉल फास्ट ब्लू या व्हाइट मॅटर दाखवणाऱ्या रंगाने रंगवून कॉर्पस कॅलोसम बघितलं असतं. मोजणाऱ्याला गट माहीत नको. मैत्रिणीकडून पिंजऱ्यांवर नुसते आकडे टाकून घे आणि यादी तिच्याकडेच राहू दे.

निशिगंध_फार्मा

अपडेट देते. आज गाईडना भेटले. स्कोपोलामाइन नाही म्हटल्यावर आधी जरा नाराज झाले, मग मी बाहुलीचं आणि हौदाचं सांगितलं तेव्हा म्हणाले हे आपण मागच्या दोन बॅचना तपासलंच नाही, आणि बराच वेळ गप्प बसले. ठरलं ते असं: विस्टार रॅट, नर आणि मादी दोन्ही, आठवड्याच्या अंतराने टूव्हीओ, ब्राह्मी दुसऱ्या बांधणीनंतर तिसऱ्या दिवसापासून, बीपी टेल कफने, म्हणजे शेपटीला पट्टा बांधून, आठ हातांचा मेझ, उलट्या शिकण्याची चाचणी, शाईच्या पावलांची चाल, आणि शेवटी व्हाइट मॅटर. वॉटर मेझ काढून टाकला. शीर्षकातही ‘व्हॅस्क्युलर डिमेंशिया’ असं न लिहिता ‘मेंदूचा रक्तपुरवठा दीर्घकाळ कमी पडल्याने होणारी हानी’ असं लिहिलंय, कारण रॅटमध्ये आपण तेवढंच करतोय.

डॉक्टरकाका, तुमच्या सांगण्यावरून घरी आल्यावर आजीला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं आणि मोबाइलवर शूट केलं. पाऊल खरंच फरशीवर घासत होतं, आम्ही रोज बघतो आणि एकदाही लक्षात आलं नव्हतं. सोमवारी तिला तो व्हिडिओ घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे नेतोय. आणि ओट्यावर आता डबे ओळीने मांडलेत, पाणी, साखर, पावडर, दूध, त्याच क्रमाने. आज संध्याकाळी तिने दुसऱ्या डब्यापर्यंत कुणाला न विचारता केलं.